मुरमांची गोळी आणि गर्भाची घडण

लग्न ठरले की चेहऱ्यावरच्या मुरमांची चिंता वाढते. मैत्रिणीला गुण आलेली आयसोट्रेटिनोइनची गोळी मग ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली जाते. हट्टी मुरमांवर हे औषध गुणकारी आहे, यात शंका नाही. पण ते गरोदरपणात पोटात गेले, तर बाळात गंभीर जन्मजात दोष निर्माण होऊ शकतात. पाकिटावर ही सूचना असते. तिच्यामागचे कारण मात्र फारसे कुणी सांगत नाही.

गर्भाच्या सर्व पेशींत जनुके तीच असतात. तरीही काही पेशींचे हृदय होते, काहींचा मेंदू. कोणत्या पेशीत कोणती जनुके चालू व्हावीत, हे बऱ्याच अंशी शेजारच्या पेशींकडून येणारे संदेशरेणू ठरवतात. 'अ' जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनॉइक आम्ल हा असाच एक संदेशरेणू. ते पेशीच्या केंद्रकात शिरते, डीएनएवर बसलेल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटते आणि ठरावीक जनुके जागी करते. हे ग्राहक-प्रथिन १९८७ साली फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधले. शरीराचा डोक्यापासून शेपटाकडचा क्रम लावणारी 'हॉक्स' जनुके याच संदेशावर चालतात.

हा संदेश सगळीकडे सारखा पोचून चालत नाही. गर्भ काही भागांत हे आम्ल तयार करतो, तर काही भागांत ते मुद्दाम नष्ट करतो. पाटाचे पाणी एका वाफ्यात सोडावे आणि दुसऱ्याला बांध घालावा, तसे हे काम चालते.

पाणी कमी पडले तर काय होते? टेक्सासमधील फ्रेड हेल यांनी गाभण डुकरिणीला 'अ' जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिची ११ पिले डोळ्यांविना जन्मली, अशी नोंद त्यांनी १९३३ मध्ये केली. आणि बांध फुटला तर? आयसोट्रेटिनोइन १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. पाठोपाठ कान, चेहरा, हृदय आणि मेंदूत दोष असलेल्या बाळांच्या नोंदी येऊ लागल्या. तेथे २००६ पासून या औषधासाठी नावनोंदणी आणि दर महिन्याला गर्भचाचणी सक्तीची झाली.

खरी अडचण वेळेची आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयवांची मांडणी होते. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत ती सुरूही झालेली असते. म्हणून 'दिवस राहिले की गोळी बंद करू' हा हिशेब चुकतो. गोळी सुरू करण्यापूर्वी गर्भचाचणी हवी आणि औषध चालू असताना व बंद केल्यावर किमान एक महिना खात्रीचे गर्भनिरोधन हवे. सोरायसिसवरील अ‍ॅसिट्रेटिनच्या बाबतीत हा काळ तीन वर्षांचा आहे. गोळ्या चालू असताना दिवस राहिलेच, तर त्या लगेच थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठावे.

गाजर, पपई, पालेभाज्या यांची धास्ती मात्र नको. त्यांतील बीटा-कॅरोटिनचे शरीर गरजेपुरतेच रूपांतर करते. सावध राहायचे ते मनाने घेतलेल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या जादा मात्रेपासून.

चिठ्ठी लिहिताना 'दिवस राहण्याची शक्यता आहे का?' हा प्रश्न संकोचाने टाळला जातो. तो डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे आणि औषध दुकानदारांनी चिठ्ठीविना ही गोळी देता कामा नये. मुरमे काही महिन्यांत बरी होतात. गर्भात चुकलेली घडण मात्र बाळाला आयुष्यभर सोसावी लागते.