'बैलोबा' कुणाला म्हणायचं?

मंडळी, काल निगडीच्या कट्ट्यावर एक गृहस्थ म्हणाले, "जनावर काय हो, सवयीनं चालतं!" मला राहवेना.

२००० साली बिरेल आणि ब्राऊन यांनी उंदरांना वाडग्यात पुरलेला खाऊ हुडकायला लावला. खूण कधी वासाची, कधी वाडग्यात भरलेल्या भुशाबिशाची. खूण बदलली की धडधाकट उंदीर लक्ष तिकडे वळवत. मेंदूच्या पुढच्या, आतल्या भागाला इजा झालेले नियम शिकत, अगदी उलटा केलेलाही. पण वासावरून भुशाकडे वळताना अडखळत. मग हे निव्वळ सवयीचं कसं?

चाकणला शिकवताना वजाबाकीवरून भागाकाराकडे वळताना अडखळणाऱ्या पोराला मी 'बैलोबा' म्हणायचो. बैलाचीही माफी मागायला हवी. (गृहस्थ अजून सवयीवरच अडलेत.)