शांततेआधी सन्मान

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील रहिवाशांना बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. क्षुब्ध जमाव पूर्व द्रुतगती महामार्गावर जमला आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे प्राणास मुकली. चारच दिवसांनी मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

‘एका पुतळ्यासाठी एवढा क्षोभ कशाला?’ असा प्रश्न अशा वेळी सुशिक्षितांच्या घरांतूनही विचारला जातो. तो समंजसपणाचा वाटतो. परंतु ज्यांच्यावर दारातून परत फिरण्याची पाळी कधी आली नाही, त्यांनाच तो सुचू शकतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी प्याले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही स्पर्शानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पाणी नाकारल्याची वेदना एकवेळ विसरता येते, आपल्या स्पर्शाने पाणी विटाळते हे ऐकल्याची नाही. चपलांचा हार त्याच भाषेत बोलत होता.

राष्ट्रांचेही असेच असते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर खंडणी लादलीच, शिवाय युद्धाची जबाबदारीही त्याच्याकडून वदवून घेतली. हिटलरने त्या सलावर आपले राजकारण उभे केले. १९१८ ची युद्धबंदी ज्या रेल्वेच्या डब्यात झाली, तोच डबा बाहेर काढून १९४० साली त्याने त्यात फ्रान्सला शरणागती पत्करायला लावली. अपमानाची परतफेड अपमानाने झाली आणि युरोप बेचिराख झाला. याउलट १९७० साली जर्मन चान्सलर विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले, तेव्हा त्यांचा देश लहान झाला नाही.

अपमानाचे भांडवल करणारे पुढारी सर्वत्र असतात, हे खरे. म्हणून अस्सल वेदना व पिकविलेला द्वेष यांत भेद केला पाहिजे. त्याची कसोटी सोपी आहे. महाडच्या सत्याग्रहींनी इतरांचे पाणी बंद करण्याची मागणी केली नाही. त्यांनी स्वतःसाठी तेच पाणी मागितले. हिटलरला मात्र दुसऱ्याची मान खाली गेल्याखेरीज समाधान नव्हते. पहिली मागणी समाजाने मान्य करावी, दुसरीला ठाम विरोध करावा.

रमाबाई नगरात पुढे काय घडले? गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. संबंधित अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने दोषी ठरविले, ते २००९ साली. पुढे अपिलात त्याला जामीन मिळाला. दोषसिद्धीलाच बारा वर्षे लागावीत, हा मृतांच्या नातेवाइकांचा दुसरा अवमान होय. महामार्ग मोकळा करणे व शांतता प्रस्थापित करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बंदुकीने साधते. दुसरीसाठी चूक मान्य करावी लागते, न्याय वेळेवर द्यावा लागतो.

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत बंधुतेचा उल्लेख करताना व्यक्तीची प्रतिष्ठा आधी आली आहे व राष्ट्राची एकता नंतर. हा क्रम शाळेत मुलांकडून रोज म्हणवून घेतला जातो. तो शासनानेही पाठ करावयास हवा.