निकालाआधी डबा घराबाहेर



आपल्या बैठकीत भावाचा हिशेब होतो, कर्जाचा होतो, पीकविम्याचा होतो. आज एक वेगळा हिशेब मांडतो.

बार्शीटाकळी तालुक्यातल्या कुठल्याही कोरडवाहू घरात मे महिन्यात जाऊन पाहा. पऱ्हाटी उपटून झालेली असते, तूर-हरभरा विकून झालेला असतो, वावर उन्हात तापत पडलेले असते. खरिपाची फवारणी जुलैशिवाय सुरू होत नाही. म्हणजे त्या महिन्यात घरात औषधाच्या एका थेंबाचीही गरज नसते. तरी गेल्या हंगामातला अर्धामुर्धा डबा घरातच असतो. आणि नेमका त्याच सुमाराला दहावी-बारावीचा निकाल लागतो. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मेला लागला, दहावीचा १३ मेला.

ज्या दिवशी घरातल्या पोरापोरींचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्या दिवशी विष घरात असते आणि शेताला त्याचा काडीचा उपयोग नसतो. हा आपला चुकलेला हिशेब आहे. तो दुरुस्त करायला मुंबईची परवानगी लागत नाही, दिल्लीचीही नाही.

आधी माझी चूक सांगतो. मी कृषी पदवीधर. किती वर्षे शेतीशाळा घेतल्या. पंपाला किती मिली, वाऱ्याची दिशा कोणती, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे सगळे शिकवले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर हातमोजे आणि मास्क यांवर तासन्‌तास बोललो. पण उरलेला डबा रात्री कुठे ठेवता, हा एक प्रश्न मी कधी विचारला नाही. घरात सोळा-सतरा वर्षांचे लेकरू आहे काय, हे तर नाहीच नाही. डब्यावरचा त्रिकोण वाचायला मी शिकवले, घरातल्या पोराचा चेहरा वाचायचा राहून गेला.

गेल्या साली काटेपूर्णेच्या काठच्या एका गावात बसलो होतो. घरची पोरगी बारावीला. दोन महिन्यांपासून ती धड जेवत नव्हती, मैत्रिणींकडे जात नव्हती, आपली पुस्तके तिने धाकट्या भावाला देऊन टाकली होती. मी बापाला विचारले, "भाऊ, औषधाचा डबा कुठी ठेवता?" तो म्हणाला, "तसं काई नाई सायेब आमच्या घरी. आमची पोरगी तशी नाई." मी म्हटले, पोरगी कशी आहे ते मी विचारलेच नाही, डबा कुठे आहे ते विचारले. तो गप्प राहिला. मग आतून माय बाहेर आली आणि म्हणाली, "उद्याच हलवतो." तिला कळले होते. मायला बहुधा आधीच कळलेले असते, फक्त कोणी विचारलेले नसते.

आता आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील, साहेब, मूळ रोग शेतमालाच्या भावात आहे. तुम्ही कुलूप-किल्लीच्या गोष्टी काय सांगता? सरकारला तेच पाहिजे. मरणाचे खापर शेतकऱ्याच्या मनावर फोडले की धोरण सुटले.

हा आक्षेप खरा आहे, मी तो बाजूला सारत नाही. भावाची लढाई सोडायची नाहीच. पण ती लढाई वर्षांची आहे आणि लेकराच्या मनातली ती लाट कित्येकदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. लाट ओसरेपर्यंत घातक वस्तू हाती लागली नाही तर बहुतेक जण वाचतात. आणि जे एकदा वाचतात, त्यांच्यातले दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. "ज्याला मरायचे तो मरतोच" ही म्हण आपल्या गावागावांत आहे. ती खोटी आहे, आणि तिने फार लेकरे खाल्ली आहेत.

दुसरे असे की, आपल्या हिशेबात ही लेकरे येतच नाहीत. शेतकरी गेला तर तहसीलात पंचनामा होतो, कर्जाचा कागद पाहिला जातो, पात्र-अपात्र ठरते. निकालाच्या, अपमानाच्या, प्रेमातल्या दुःखाला कर्जाचा कागद नसतो. म्हणून ते लेकरू पात्रातही नाही आणि अपात्रातही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. एकाच कारणाने कोणी जीव देत नाही. पण कारणे सुटेपर्यंत लेकरू जिवंत राहिले पाहिजे, एवढे तरी आपण पाहू शकतो.

यात जगाचा अनुभव काय आहे, तोही सरळ सांगतो. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशके एकामागून एक बंद केली. १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला, आणि त्या बंदीमुळे शेतीचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. कृषी पदवीधर म्हणून हे दुसरे वाक्य मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. त्याच देशात १८० गावांच्या अभ्यासात निम्म्या गावांमध्ये घरोघर कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिल्या. त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला: नुसत्या पेट्या वाटून विषबाधेचे प्रमाण कमी झाले नाही. तमिळनाडूत काट्टुमन्नारकोइल भागात वेगळी वाट धरली. औषध घरात ठेवायचेच नाही, गावात एका जागी प्रत्येक कुटुंबाचा कुलपाचा कप्पा करायचा. प्रयोग दोनच गावांचा होता, पण शेतकऱ्यांनी तो वापरला आणि परिणाम आशादायक दिसला.

यातून मी एवढेच घेतो. पेटी वाटून फोटो काढणारी योजना आपल्याला नको. विष घराबाहेर गेले पाहिजे, आणि घरातल्या माणसांचे लेकराकडे लक्ष गेले पाहिजे. दोन्ही मिळून काम होते.

म्हणून प्रत्येक गावात एवढे करा:

१. औषध मोजून घ्या. एक लिटर लागत असेल तर दोन घेऊ नका. शेजारी-शेजारी मिळून एक डबा आणा आणि त्याच फवारणीत संपवा.

२. हंगाम संपला की न फोडलेला डबा कृषी केंद्रात परत करा. केंद्रवाला नाही म्हणाला तर पाच जण मिळून जा.

३. फोडलेला डबा घरात आणू नका. गावातल्या ज्या शेतकऱ्याच्या घरात लहान-तरुण मुले नाहीत त्याच्या खोलीत, नाहीतर ग्रामपंचायतीच्या जागेत, कुलपाची कोठी करा. किल्ली दोन जाणत्या माणसांकडे राहू द्या. त्रिकोण कोणत्याही रंगाचा असो, नियम एकच. उंदराचे औषध आणि घरातली जास्तीची गोळ्या-औषधेही याच हिशेबात धरा.

४. हे सगळे निकालाच्या आधी, एप्रिलअखेर झाले पाहिजे. दुसरी फेरी हरभऱ्याची फवारणी संपल्यावर, परीक्षा सुरू होण्याआधी.

५. औषध नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. रिकामा डबा भोक पाडून निकामी करा, त्यात तेल-पाणी भरू नका.

डबा हलवून काम संपत नाही. लेकराशी बोलावे लागते. ते एकटे एकटे राहत असेल, झोप उडाली असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "बाळा, जीव द्यावा असं मनात येते काय?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोंडलेले बाहेर येते. हो म्हणाले तर रागावू नका, शपथा घालू नका, त्या रात्री एकटे सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतही. मुलांसाठी १०९८ आहे. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

आणि विषबाधा झालीच तर मीठपाणी, ताक पाजण्यात वेळ घालवू नका, उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, डबा सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नका. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला आरोपी न मानता उपचाराचा हक्कदार मानतो.

गावातल्या साध्या माणसांकडून हे होईल काय, असे कोणी विचारील. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमाने ३० गावांत हेच करून पाहिले. गावचीच माणसे शिकवली, ती घरोघर बोलली. नैराश्याच्या शंभर माणसांत उपचार घेणारी जेमतेम चार होती, ती दीड वर्षात सत्तावीस झाली. तो कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी होता. लेकरांसाठी आपण का करू नये?

सरकारकडे मागण्या आहेतच: अतिजहाल औषधे बंद करा, त्यांना पर्याय शेतकऱ्याला परवडेल अशा दरात द्या, तालुक्याच्या शाळांना समुपदेशक द्या. त्यासाठी मोर्चाही काढू. पण मोर्चाची तारीख ठरेपर्यंत डबा फळीवर बसून राहणार नाही, याचा ठराव याच बैठकीत व्हावा, असे माझे मागणे आहे. ठराव करून घरी जाल तेव्हा हातपाय धुण्याआधी एक काम करा. आपल्या घरातला डबा कुठे आहे ते पाहा, आणि लेकरू कुठे आहे तेही पाहा.