घोडा नाटकं करत नाहीये

पावसाळा सुरू झाला की तबेल्यात सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. घोडा आखूड दोरीने खांबाला बांधलेला असतो. एकाच्या हातात माश्यांच्या औषधाची स्प्रे-बाटली. पहिली ‘फुस्स’ होते, घोडा मागे रेटा देतो, दोरी ताणली जाते. दुसरी ‘फुस्स’, घोडा गर्रकन फिरतो. मग कुणीतरी त्याचा कान धरतं, किंवा वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळतं, आणि दुसरा माणूस घाईघाईने अर्धी बाटली त्याच्या अंगावर रिकामी करतो. तिसरा मोबाइलवर शूट करत असतो. रीलखाली हसऱ्या इमोजींची रांग लागते. ‘एवढं धूड आणि फवाऱ्याला घाबरतंय.’ ‘ड्रामा किंग.’

माझं भांडण या शब्दाशी आहे. नाटकं, नखरे, ड्रामा. एकदा का घोडा नाटकी ठरला की त्याचं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. मग प्रश्न एवढाच राहतो, की त्याला धरायला माणसं किती लागतील.

आधी घोड्याच्या जागी उभं राहून बघू. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला सुमारे ३३,०००पर्यंतचे. म्हणजे आपल्यासाठी जी साधी ‘फुस्स’ आहे, ती त्याच्यासाठी आणखी तीक्ष्ण असते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. आपण बाटली घेऊन नेमके तिथे उभे राहतो. आणि कातडी? घोड्याची कातडी जाड, त्याला काय कळतंय, असं सर्रास म्हटलं जातं. सिडनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये माणसाची आणि घोड्याची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. ज्या वरच्या थरात वेदना टिपणारे मज्जातंतू असतात, त्या थराच्या जाडीत आणि त्यातल्या मज्जातंतूंच्या दाटीत त्यांना दोघांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही. कातडी जाड आहे ती खाली. एक माशी पाठीवर बसली तर घोडा तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तिला उडवतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. अशा अंगावर थंडगार, उग्र वासाचे शेकडो थेंब एकदम येऊन पडतात, तेही सापाच्या फुत्कारासारखा आवाज करत. माशी उडवायच्या औषधाने त्याला एकाच क्षणी शेकडो माश्या बसल्यासारखं वाटलं, तर त्यात नाटक कुठे आहे?

काही घोड्यांचा इतिहासही असतो. वरातीत नवरदेवाला पाठीवर घेऊन डीजेसमोर उभा राहिलेला, शेजारी भुईनळे फुटताना पाहिलेला, तोंडावर फोमचा स्प्रे उडालेला घोडा ‘फुस्स’ ऐकून दचकला, तर तो फक्त त्याला शिकवलं गेलेलं आठवतोय.

यावर उत्तर ठरलेलं आहे: ‘मग काय औषध लावायचंच नाही? माश्या खाऊ द्यायच्या त्याला?’ लावायचंच. माश्यांचा प्रश्न किती गंभीर आहे हे मराठी माणसाला तरी सांगावं लागू नये. घोड्यांच्या एका जीवघेण्या रोगाचं जगभर चालणारं नाव ‘सर्रा’ आहे, आणि इंग्रजी शब्दकोश त्याचं मूळ मराठीत दाखवतात: नाकपुड्यांतून जड श्वास चालल्याचा आवाज. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने, आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान इथे, आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात या रोगाचा परजीवी पाहिला. तो परजीवी आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. ताप, रक्तक्षय, पायांवर आणि पोटाखाली सूज, आणि उपचार झाले नाहीत तर अनेकदा मृत्यू. हा रोग पसरवते गोमाशी. ती कातडी कापून रक्त पिते, घोड्याने शेपटी मारली की अर्धवट जेवण सोडून उडते आणि रक्ताने माखलेल्या तोंडानेच शेजारच्या घोड्यावर जाऊन बसते.

म्हणूनच मारामारी करून औषध लावणं मला मूर्खपणाचं वाटतं. हे काम एकदाचं नाही. घामाने आणि पावसाने औषध धुऊन जातं, मोसमभर पुन्हा पुन्हा लावावं लागतं. जे काम इतक्या वेळा करायचं आहे, ते दर वेळी कुस्ती करून होणार असेल, तर चार दिवसांनी माणूस कंटाळतो आणि काम सुटतं. घोडा बिनऔषधाचा राहतो, आणि दोष पुन्हा त्याच्याच नखऱ्यांना.

बरं, औषध फवारूनच लावलं पाहिजे असं कुणी सांगितलं? अशा औषधांच्या बाटल्यांवर सहसा लिहिलेलंच असतं की चेहऱ्यावर फवारू नका, कापडावर घेऊन पुसा, डोळे सांभाळा. माश्यांचा सगळ्यात जास्त त्रास डोळ्यांभोवती. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज आहे, तिथे फडकंच वापरायचं आहे. मग तेच फडकं मानेवर, खांद्यावर, पोटाखाली, पायांवर का चालू नये? हातमोजा घाला, जुना टॉवेल किंवा स्पंज घ्या, औषध घोड्यापासून लांब जाऊन त्यावर ओता आणि खरारा करतो तसं अंगभर फिरवा. आवाज नाही, धुकं नाही, श्वासात जाणारं रसायन कमी. वेळ? दोन-चार मिनिटं जास्त. तीन माणसांनी मिळून घोडा धरायला लागतो, त्यापेक्षा कमीच.

ज्यांना स्प्रेच हवा आहे, त्यांनी तो शिकवावा. शिकवणं म्हणजे लादणं नव्हे. साध्या पाण्याची बाटली घ्या. घोडा बांधू नका, कारण बांधलेला घोडा मागे रेटा देतो तेव्हा मानेला इजा होते. मोकळी दोरी हातात ठेवा. चार-पाच हात लांब उभं राहून दुसऱ्या दिशेला फवारा. घोडा कान टवकारेल, मान ताठ करेल. तुम्ही फवारत राहा, तेवढ्याच अंतरावर, त्याच लयीत. तो क्षणभर स्थिर झाला, मान थोडी खाली आली, फुर्र करून श्वास सोडला, की लगेच थांबा. पुन्हा. मग एक पाऊल जवळ. मग खांद्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने. एखाद्याला तीन दिवस लागतील, एखाद्याला तीन आठवडे.

सगळं गणित त्या थांबण्यात आहे, आणि इथे मला प्रेमळ लोकांशीही भांडायचं आहे. घोडा उसळला की ‘अरे बाळा, घाबरलास का’ म्हणत बाटली मागे घेणारे लोक त्याला नेमकं हेच शिकवतात: उसळलं की फवारा थांबतो. उद्या तो आणखी जोरात उसळेल. दुसरीकडे ओठ पिळून फवारणारे त्याला शिकवतात की काहीही केलं तरी सुटका नाही. त्यातला एखादा घोडा हार मानून पुतळ्यासारखा उभा राहतो, आणि आपण म्हणतो, ‘बघा, सुधारला.’ भीती गेलेला घोडा आणि हार मानलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. जवळ जाऊन डोळे, नाकपुड्या आणि ओठ बघितले की फरक कळतो. घोडा उसळेपर्यंत वेळ आलीच, तर चूक आपली: आपण फार लवकर फार जवळ गेलो.

आता खरा मुद्दा. ‘वेळ कुठे आहे?’ हे मोतद्दाराने म्हटलं तर मी ऐकून घेईन. त्याच्याकडे एकट्याकडे अनेक घोडे असतात, पहिली राइड सकाळीच असते आणि घोडा तयार नसला तर बोलणी त्याला बसतात. त्याच्या हातात ओठ पिळायची दोरी दिसते, पण त्याला घाई लावणारे आपण आहोत. तासाचे पैसे भरून थेट खोगिरावर बसणारे, घोड्यासोबत सेल्फी काढून निघून जाणारे, माथेरानला ‘लवकर चला ना काका’ म्हणणारे. राइडिंग शिकतो असं आपण म्हणतो, पण ज्या पाठीवर बसतो तिला फडक्याने पुसायला पाच मिनिटं थांबत नाही. शिवाय भीमथडीच्या घोडीचा अभिमान आपल्या टी-शर्टवर असतोच.

आणि तबेल्याच्या मालकांना एक सांगणं. बाटली हा शेवटचा उपाय आहे. ओल्या, मुताने भिजलेल्या कुजक्या गवतात चावरी माशी वाढते. लिदीत घरमाशी वाढते, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात तिची अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. लीद रोज उचलली, लांब नेऊन टाकली, अंथरूण कोरडं ठेवलं, ठाणावर पंखा लावला, तर बाटलीची निम्मी कामं आधीच होतात. गोमाशी चिखलात, पाणथळीत वाढते, तिच्यासाठी अंगावर झूल आणि तोंडावर जाळी घालता येते. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एका फार्मवर घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घालून पाहिल्या, तेव्हा गोमाश्या जवळ यायच्या, पण अंगावर बसणाऱ्या माश्या खूप कमी झाल्या. यातली एकही गोष्ट घोड्याला घाबरवत नाही. फक्त प्रत्येक गोष्टीसाठी माणसाला थोडं काम करावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी राइडला जाल तेव्हा पंधरा मिनिटं आधी जा. मोतद्दाराला विचारा, ‘काका, आज औषध मी लावू? फडक्याने?’ ते हसतील बहुतेक. मग घोड्याच्या खांद्यापाशी उभं राहा, आधी नुसता रिकामा हात ठेवा, आणि त्याने श्वास सोडेपर्यंत थांबा. मोबाइल खिशातच राहू द्या.