घरचे औषध खरे, पण वेळेचे आणि चारचौघांचे



गटात कुठेही गेलो तरी हल्ली एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, दुकानातलं औषध परवडंना. घरच्या घरी करता येईल असं काही सांगा.” प्रश्न रास्त आहे. खत, औषध, मजुरी यांचा मेळ घालता घालता उसाचे बिल कुठे जिरते हे आपल्याला आम्ही सांगायला नको. पण या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. कुणी म्हणतो, पाल्याचा अर्क मारा, सगळे रोग पळतात. कुणी हसून म्हणतो, हा आजीबाईचा बटवा, उसाच्या रानात याचे काय काम? आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. घरचे औषध खरे आहे. पण कीड ओळखून, तिची वेळ साधून आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन केले तरच.

आधी ओळखीचे बघू. रोग वेगळा आणि कीड वेगळी. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघाला की ती काणी. बेटात गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे आले की ती गवताळ वाढ. यांवर गोमूत्र मारा, ताक मारा, दशपर्णी मारा, गुण येणार नाही. दोन्ही रोग मुख्यतः बेण्यातून येतात आणि उसाच्या अंगातच असतात; बाहेरून शिंपडलेले पाणी तिथवर जात नाही. इथे घरचे औषध म्हणजे कुदळ. काणीच्या चाबकावर आधी पिशवी चढवावी, म्हणजे काळी भुकटी रानभर उडत नाही. मग चाबूक कापून, बेट मुळासकट खणून जाळून टाकावे. रोग जास्त असेल तर खोडवा राखू नये. पुढच्या लागणीला ५४ अंश सेल्सिअस उष्ण बाष्पात अडीच तास प्रक्रिया केलेल्या बेणेमळ्यापासून वाढवलेले बेणे घ्यावे. शेजाऱ्याच्या फडातली मोळी फुकट मिळाली म्हणून आणली, तर रोगही फुकटच येतो.

किडीचे तसे नाही. तिथे कडुनिंबासारखा घरचा वैद्य नाही. मे ते जुलै झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पाच किलो निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी फडक्यातून गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून, एकूण १०० लिटर होईल एवढे पाणी घालावे. हा झाला पाच टक्के अर्क. तो त्याच दिवशी आणि ऊन कलल्यावर मारावा, कारण त्यातले औषधी द्रव्य उन्हाने निकामी होते. परसातली वांगी, मिरची, भेंडी यांवरचा मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांना तो चांगला लागू पडतो. मात्र दुसऱ्या दिवशी किडे मेलेले दिसले नाहीत म्हणून “काय उपयोग नाही” असे म्हणू नये. या अर्काने कीड खाणे सोडते, तिला नीट कात टाकता येत नाही आणि मग ती हळूहळू कमी होते.

इथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. घरचे म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत करून घेऊ नका. तंबाखू उकळून मारण्याची चाल जुनी आहे. पण त्यातले निकोटिन जबर विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात भिनते. शिवाय तंबाखूतून मिरची-टोमॅटोला विषाणूचा रोग लागू शकतो. स्वयंपाकाच्या पातेल्यात असले काढे करणे तर मुळीच नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या उसाचा सर्वांत मोठा वैरी हुमणी. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, वाळतो आणि जरा ओढला की मुळांशिवाय हातात येतो. तेव्हा आमच्याकडे धावाधाव सुरू होते. मोबाईलवर आलेल्या कृती दाखवल्या जातात: हिंगाचे पाणी, मिठाचे पाणी, आणखी कशाकशाचे पाणी. त्या वेळी अळी पूर्ण वाढलेली असते, जमिनीत मुळांशी असते आणि वर माणूस शिरू नये असा ऊस उभा असतो. तिथे घरचे काय आणि दुकानातले काय, फारसे काही पोचत नाही. हुमणीसाठी बीएचसीची भुकटी होती, ती १९९७ साली बंद झाली. फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. ही विषे गेली ते बरेच झाले. पण पिशवी फाडून सरीत ओतली की काम झाले, ही सवय काही गेली नाही.

हुमणीचे खरे घरचे औषध मे-जूनमध्ये, बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर असते. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की तिचे भुंगेरे अंधार पडताना जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाला खायला व मिलनाला जमतात. उजाडायच्या आत ते परत मातीत जातात आणि पुढे माद्या तिथेच अंडी घालतात. साडेसात ते नऊ या वेळात झाडाखाली ताडपत्री अंथरून, आकडी लावलेल्या काठीने फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात टाकायचे. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी घालते. शंभर भुंगेऱ्यांत निम्म्या माद्या धरल्या, तरी एका घमेल्यात अडीच हजार अळ्या जन्मायच्या आधीच संपतात. एवढे स्वस्त औषध कुठल्या दुकानात मिळेल?

मग हे होत का नाही? कारण यात एकट्याचे काही चालत नाही. एकाने आपले झाड झाडले आणि शेजाऱ्याने नाही, तर भुंगेऱ्याला बांध आडवा येत नाही. दुसरे म्हणजे, हे काम करायचे तेव्हा रानात नुकसान दिसत नाही. आणि नुकसान दिसते तेव्हा कामाची वेळ गेलेली असते.

सगळ्यांनी मिळून केले की काय होते, हे आपण पूर्वी पाहिले आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात लोकरी मावा आला आणि बघता बघता आसपासच्या जिल्ह्यांत व कर्नाटकात पसरला. उंच उसात फवारा मारणे अवघड होते. त्या वेळी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी मोठे काम केले. आणि त्या असलेली पाने एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन सोडण्यात शेतकऱ्यांचे हात लागले.

म्हणून आमची सूचना अशी. पहिला वळीव झाला की प्रत्येक गावाने दवंडी द्यावी आणि पुढचे दोन-तीन आठवडे, भुंगेरे निघतील त्या प्रत्येक संध्याकाळी, सगळ्या बांधांवरची झाडे झाडावीत. कुठली झाडे कुणाकडे हे सोसायटीत बसून आधीच वाटून घ्यावे. आमचे गट ऑफिसचे कर्मचारी बरोबर असतील. एका वर्षात हुमणी संपणार नाही; ओळीने तीन-चार वर्षे नेट धरावा लागेल. आणि कारखान्यानेही औषधांच्या उधारीइतकेच लक्ष या कामाला द्यावे, असे आम्ही खात्यात राहूनच स्पष्ट म्हणतो.

ऊस घालायला आपण एकत्र आलो, दर मागायला एकत्र येतो. वर्षातल्या काही संध्याकाळी कडुनिंबाखालीही एकत्र यावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग