खवले मांजर, तज्ज्ञ आणि ग्रामसभा

यवतमाळ जिल्ह्याचे नाव मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत येते ते बहुधा कापूस उत्पादकाच्या आत्महत्येमुळे किंवा वाघामुळे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव तालुक्यात 'अवनी' वाघीण मारली गेली, तेव्हा देशभर वादळ उठले. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात पट्टा बांधलेला तरुण वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, त्याचेही पुष्कळ कौतुक झाले. विदर्भाच्या याच मुलखात रात्री बिळाबाहेर पडून वाळवी आणि मुंग्या खाणारे, दात नसलेले, अंगभर खवले ल्यालेले एक निरुपद्रवी जनावर राहते. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही आणि पर्यटकांची जीपही थांबत नाही. त्याचे नाव खवले मांजर. मांजराशी त्याचे काडीचेही नाते नाही. जगात सर्वाधिक चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. त्याला वाचवण्यासाठी तज्ज्ञांचे जे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले आहे, त्याचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने करणे आवश्यक आहे, कारण त्या जाळ्याची एक दोरी कोलाम पोडापर्यंत आणि पारध्याच्या बेड्यापर्यंत येऊन पोचते.

अशा विषयाकडे पाहण्याची डाव्या चळवळीत एक ठरावीक रीत पडून गेली आहे. माणसे मरत असताना जनावरांची चिंता वाहणे हा पोट भरलेल्यांचा छंद, आणि परदेशी तज्ज्ञ म्हणजे साम्राज्यवादाचा नवा अवतार, एवढे म्हटले की विषय संपतो. ही रीत आळसाची आहे. ज्यांना ती सोडवत नाही त्यांनी एवढे तरी आठवावे, की १९६९ साली दिल्लीत आययूसीएन या जागतिक निसर्गसंरक्षण संघटनेची महासभा भरली नसती, तर वाघाच्या शिकारीवरील बंदी, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प इतक्या लागोपाठ आले असते की नाही याची शंकाच आहे. संस्थानिक आणि त्यांचे परदेशी पाहुणे यांच्या बंदुका खाली ठेवायला लावण्यात त्या महासभेतील शास्त्रज्ञांचा वाटा होता.

ही आययूसीएन १९४८ साली स्थापन झाली. तिच्या प्रजाती-रक्षण आयोगाखाली शंभराहून अधिक तज्ज्ञगट काम करतात आणि त्यांतील बहुसंख्य सभासद त्यासाठी वेतन घेत नाहीत. विद्यापीठातील, प्राणिसंग्रहालयातील किंवा सरकारी खात्यातील आपली नोकरी सांभाळून ते हे काम करतात. खवले मांजरांचा तज्ज्ञगट २०१२ मध्ये नव्याने बांधला गेला. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने त्याला आसरा दिला. २०१३ मध्ये सिंगापूरला त्याची परिषद भरली आणि २०१४ मध्ये त्याने जागतिक कृती-आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'लाल यादी'त चिनी आणि सुंदा या दोन जाती 'अतिसंकटग्रस्त', तर आपली भारतीय जाती 'संकटग्रस्त' ठरली.

या यादीचे महत्त्व बाहेरच्यांना चटकन कळत नाही. तिला कायद्याचे बळ नाही आणि ती कुणाला अटक करू शकत नाही. परंतु देशोदेशीचे शासन जेव्हा 'सायटीस' कराराच्या बैठकीत बसते, तेव्हा हातात तीच यादी असते. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. २००० साली आशियाई खवले मांजरांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य करण्यात आला. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत तोवर मान्य असलेल्या आठही जाती पहिल्या परिशिष्टात गेल्या आणि २ जानेवारी २०१७ पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. भारतीय जातीसाठी प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारतही होता. तज्ज्ञांची टिपणे, त्यांवरून सरकारांचे प्रस्ताव आणि त्यांतून जगाचा कायदा, असा हा मार्ग आहे. चार-पाच वर्षांत एवढे घडवून आणणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

येथे एक जुना हिशेबही सांगायला हवा. खवले मांजर म्हटले की चिनी औषधांचे नाव पुढे येते आणि ते खोटे नाही. नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात त्याचेच खवले असतात, त्यांत कोणताही रोगनाशक गुण सिद्ध झालेला नाही, तरीही शतकानुशतके ते औषध म्हणून विकले गेले. परंतु १९७५ नंतरच्या दोन-अडीच दशकांत आग्नेय आशियातून लक्षावधी खवले मांजरांचा जो कायदेशीर व्यापार झाला, त्यातील कातड्यांचा मोठा गिऱ्हाईक अमेरिका होती. त्या कातड्यांचे बूट आणि पट्टे झाले. तेव्हा त्याला फॅशन म्हणत.

आता या यंत्रणेची दोरी कोठे तोकडी पडते ते पाहू. व्यापारबंदी सीमाशुल्क नाक्यावर लागू होते, मागणी मात्र नाक्याच्या पलीकडे असते आणि गरज अलीकडे. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरने नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेले दोन साठे एका आठवड्यात पकडले. त्यांत २५ टनांहून अधिक खवले होते. बंदीला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. आशियातील जनावर दुर्मीळ झाले म्हणून भाव चढला आणि भाव चढला म्हणून आफ्रिकेतील जंगले उपसली गेली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजते. तज्ज्ञगटाचे एक अध्वर्यू डॅन चॅलेंडर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच लिहिले होते, की केवळ व्यापारनियंत्रण पुरेसे नाही. किंमत, मागणी आणि स्थानिक लोकांचे हितसंबंध यांचा विचार झाला पाहिजे. म्हणजे तज्ज्ञांना हे कळत नाही असे नाही. कळलेले अमलात आणण्याचे साधन त्यांच्या हाती नाही. चीनने २०२० मध्ये खवले मांजराला सर्वोच्च संरक्षण दिले आणि औषधकोशातील कच्च्या द्रव्यांच्या यादीतून खवले वगळले, तेव्हाही खवले असलेल्या तयार औषधांचे पाठ त्या कोशात तसेच राहिले होते.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लिव्हरपूलच्या बाजारातील भावाने इथल्या शेतात काय पेरायचे ते ठरवले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि कर्ज मात्र शेतकऱ्याच्या अंगावर राहिले. आज दूरच्या एखाद्या शहरातील औषधाच्या दुकानात खवल्यांना काय भाव येतो, यावर टेकडीवरच्या बिळाचे आयुष्य ठरते. बीळ शोधून देणाऱ्याला त्या भावाचा अगदी लहानसा अंश मिळतो. उरलेला पैसा दलाल, वाहतूकदार आणि ईशान्येच्या किंवा नेपाळच्या सीमेवरून माल पार करणारा यांच्यात वाटला जातो. शिक्षेची वाटणी मात्र नेमकी उलटी होते. खवले मांजर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आणि जामीन दुरापास्त. पकडला जातो तो बहुतेक वेळा साखळीच्या तळाचा माणूस. फासेपारध्याच्या बाबतीत तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कपाळावर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पोलिसांच्या मनातून पुसला गेला नाही. गुन्हा घडला असेल तर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. परंतु दलालाचे नाव आरोपपत्रात का येत नाही हा प्रश्न कार्यकर्त्याने विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

'ट्रॅफिक' या संस्थेच्या अहवालानुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात १,२०३ खवले मांजरे चोरट्या व्यापारात आढळली. ओडिशाच्या खालोखाल नोंद महाराष्ट्राची आहे: ४७ जप्त्या, १३५ जनावरे. (जप्तीचा आकडा हा व्यापाराचा आकडा नव्हे. जेथे तपास होतो तेथे जप्ती दिसते आणि जेथे होत नाही तेथे सारे शांत भासते.) महाराष्ट्रात या व्यापाराला आणखी एक देशी खत मिळते, ते 'पैशांच्या पावसा'चे. मांडूळ, कासव, खवले मांजर यांपैकी काहीतरी पूजेत ठेवले की नोटांचा पाऊस पडतो, असे सांगून कर्जबाजारी माणसाचे उरलेसुरले काढून घेणाऱ्या टोळ्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा आणि वन्यजीव कायदा यांची गाठ इथे पडते. लंडन किंवा सिंगापूरच्या बैठकीतून या पावसावर उपाय निघणार नाही, तो इथल्याच चळवळीला करावा लागेल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या किती शाखांनी खवले मांजर हा विषय घेतला आहे?

तज्ज्ञांच्या जाळ्याची खरी उणीव ज्ञानाच्या व्यवहारात आहे. खवले मांजर रात्री हिंडते, बिळात राहते आणि वर्षाला साधारण एकच पिलू देते. वाघासाठी वाघाच्या वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यात ते क्वचित सापडते. त्यामुळे त्याची संख्या किती याचे विश्वासार्ह उत्तर जगात कोठेच नाही आणि 'संकटग्रस्त' हा निर्णयही घटीच्या अनुमानावर उभा आहे. पाय गाडून उकरलेले वारूळ, बिळाच्या तोंडाशी टाकलेली ताजी माती, शेपटी ओढल्याची खूण हे सारे वाचता येते ते गुराख्याला, कोलामाला, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला. अभ्यासक गावात येतो आणि त्यांना विचारतो. पुढे निबंध होतो आणि त्यात ही माणसे 'उत्तरदाते' म्हणून उरतात. माहिती गावातून बिननावाने वर जाते, खाली येताना मनाई हुकूम होऊन येते. या जनावराचे बीळ काही टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या सीमारेषा पाहून खोदलेले नसते. ते ई-क्लासच्या माळावर असते, नाल्याच्या काठी असते, शेताच्या धुऱ्यावरही असते, आणि तेथे वनरक्षक रोज जाऊ शकत नाही.

मग तेथे कोण जाऊ शकतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आणि नियमांनी त्यासाठी आपल्या सभासदांतून समिती नेमण्याची तरतूद केली. याच कायद्याने शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे, हेही लोकांना तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. तेंदू आणि बांबू यांच्या विक्रीची चर्चा तेथे होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु रक्षणाची समिती पुष्कळदा कागदावरच राहते, कारण तिला पैसा नाही. खबऱ्याला बक्षीस देण्याची सोय वन्यजीव कायद्यात आहे. बीळ राखणाऱ्याच्या दिवसाच्या मजुरीची नाही.

कोकणात वेगळ्या वाटेने एक प्रयोग झाला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेच्या प्रयत्नाने फेब्रुवारी २०२० मध्ये डुगवे गावी 'खवलोत्सव' भरला आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीतून मिरवली गेली. जनावराला देव करणे विवेकवाद्यांना खटकेल, आणि खटकण्यात गैर काही नाही. तथापि त्या दिवशी गावाने आपल्या भाषेत एक निर्णय घेतला आणि तो निर्णय कुठल्या परिशिष्टात शोधावा लागत नाही. विदर्भात पालखीच हवी असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोक-जैवविविधता नोंदवहीत बिळांची अचूक जागा न लिहिता या जनावराची नोंद करता येते. अचूक जागा लिहिणे म्हणजे चोराला नकाशा देणे होईल. ती नोंद ग्रामसभेच्या नावाने तज्ज्ञगटापर्यंत पोचली, तर जोहान्सबर्गसारख्या पुढल्या बैठकीत गावालाही 'उत्तरदात्या'पलीकडचे स्थान मागता येईल. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी या गावांत ग्रामसभा भरतातच. त्यांच्या विषयपत्रिकेवर रक्षण-समितीचा आणि तिच्या मजुरीचा विषय घ्यायला, आणि तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडायला, वनखात्याची परवानगी लागत नाही.