विजेत्याचा आकडा आणि मैदानाची सरासरी

कॅलिफोर्नियात, कार्मेल उपसागराच्या कड्यांवर वसलेल्या पेबल बीचच्या मैदानावर, गोल्फच्या चार श्रेष्ठ स्पर्धांपैकी एक असलेली अमेरिकन ओपन २००० साली टायगर वूड्सने जिंकली ती २७२ फटक्यांत. आणि २०१९ साली त्याच मैदानावर तीच स्पर्धा गॅरी वुडलंडने जिंकली ती २७१ फटक्यांत. दप्तरातील या दोन नोंदी, फटके जितके कमी तितका खेळ सरस एवढेच जाणणाऱ्या एखाद्या मनुष्यापुढे ठेवल्या, तर तो विनासंकोच वुडलंडच्या बाजूने निर्णय देईल. परंतु वूड्सच्या मागोमाग जे दोघे बरोबरीने दुसरे आले, त्या एर्नी एल्स आणि मिगेल आंखेल हिमेनेस यांना २८७ फटके लागले होते, म्हणजे तफावत तब्बल १५ फटक्यांची होती. आणि ‘पार’हून, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांच्या संख्येहून, चारही फेऱ्या मिळून कमी फटके घेणारा खेळाडू त्या संपूर्ण स्पर्धेत वूड्सखेरीज दुसरा कोणीही नव्हता. उलट २०१९ साली आभाळ झाकोळलेले, वारा मंद आणि जमीन मऊ असल्यामुळे कित्येकांना पारच्या खाली राहता आले, आणि ब्रूक्स केपका वुडलंडच्या अवघे तीन फटके मागे होता. वुडलंडचे यश निःसंशय मोठे आहे. पण त्याचा आकडा एका फटक्याने कमी म्हणून त्याची कामगिरी वूड्सच्या कामगिरीहून श्रेष्ठ ठरते, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही.

माझे म्हणणे असे की, त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, त्याच जमिनीवर इतर खेळाडूंनी काय केले हे सांगितल्यावाचून विजेत्याच्या फटक्यांची बेरीज छापणे म्हणजे वाचकाला अर्धाच हिशेब देणे होय.

यावर कोणी म्हणेल की, पारच्या खाली किंवा वर किती, हे तर आपण सांगतोच. परंतु पार हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही, तो आयोजक मुक्रर करतात. पेबल बीचचा दुसरा होल १९९२ च्या स्पर्धेत पाच फटक्यांचा धरला जात असे, तो २००० साली चार फटक्यांचा ठरवण्यात आला आणि मैदानाची एकूण पार ७२ वरून ७१ वर आली. वूड्सचे २७२ फटके जुन्या हिशेबाने पारच्या १६ खाली भरले असते, नव्या हिशेबाने ते १२ खाली भरले. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ साली व्हिसलिंग स्ट्रेट्स येथील पीजीए स्पर्धेत पारच्या १३ खाली राहून संयुक्त पाचवा आला. वूड्सच्या त्या १२ पेक्षा हा आकडा एकाने सरस दिसतो, आणि तरीही त्या स्पर्धेत विजेता जेसन डे पारच्या २० खाली होता. लाहिरीचा खरा गौरव त्या १३ मध्ये नाही, तर पुरुषांच्या श्रेष्ठ स्पर्धेत तोवर कोणाही भारतीयाला न गाठता आलेल्या त्या पाचव्या स्थानात आहे.

अमेरिकन ओपनचा १९९२ सालचा पेबल बीचवरील अखेरचा दिवस या विषयाचा अभ्यास करणाराने पुन्हा पुन्हा पाहावा, असा आहे. दुपारी समुद्रावरून असा वारा सुटला की मोठमोठ्या खेळाडूंना ८० च्या आत येणे दुरापास्त झाले आणि त्या फेरीची सरासरी ७७ च्या आसपास गेली. वारा भरास येण्यापूर्वी ७० फटक्यांत फेरी संपवून आलेल्या कॉलिन मॉन्टगोमेरीचे तर गोल्फमधील थोर खेळाडू दस्तुरखुद्द जॅक निक्लॉसने विजेता म्हणून अभिनंदनही करून टाकले. त्या वाऱ्यात टॉम काइट खेळत होता. सातवा होल जेमतेम शंभरावर काही यार्डांचा, शांत हवेत वेज या आखूड पल्ल्याच्या काठीच्या अलगद फटक्याने गाठण्याजोगा. काइटने तेथे सहा नंबरची आयर्न, म्हणजे एरवी बऱ्याच लांब फटक्याची काठी, हाती घेतली, चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, बाहेर गेला, आणि तेथून त्याने तो थेट होलमध्ये उतरवला. त्याची फेरी ७२ ची झाली. कागदावर ही निव्वळ पारची, सामान्य फेरी. प्रत्यक्षात ती सरासरीहून सुमारे पाच फटक्यांनी सरस होती, आणि तिने त्याला त्याच्या आयुष्यातील एकमेव श्रेष्ठ स्पर्धा जिंकून दिली.

२००० साली वूड्सच्या फेऱ्या ६५, ६९, ७१, ६७ अशा होत्या. आकड्यांनी पाहता तिसरी सर्वांत निकृष्ट. तिच्यात त्याने तिसऱ्या होलवर पारच्या तीन वर, म्हणजे सात फटके घेतले. पण त्याच दिवशी त्याची आघाडी सहावरून दहा फटक्यांवर गेली!

आता हेही मान्य केले पाहिजे की, सरासरी ही खेळणारांच्या दर्जावर अवलंबून असते. १८६२ साली ओल्ड टॉम मॉरिसने प्रेस्टविक येथे ब्रिटिश ओपन १३ फटक्यांनी जिंकली, तफावतीचा तो विक्रम वूड्सने मोडेपर्यंत टिकला. पण मॉरिसचे प्रतिस्पर्धी मूठभर होते आणि स्पर्धा ३६ होलची होती. म्हणून सरासरीबरोबर ती कोणाची, हेही सांगावे लागते.

इतरांच्या तुलनेत खेळ मोजण्याचे हे काम आता अशक्य राहिलेले नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी, लेसर उपकरणांनी टिपलेल्या फटक्यांच्या प्रचंड नोंदींवरून, कोणत्या अंतरावरून व्यावसायिक खेळाडूला सरासरी किती फटके लागतात याची मोजदाद केली. ग्रीनवर आठ फुटांवरून होलकडे ढकललेले निम्मे फटके (‘पट’) आत जातात, म्हणून तेथून सरासरी सुमारे दीड फटका धरावा. जो एकाच फटक्यात काम करतो त्याने इतरांवर अर्धा फटका मिळवला. पटिंगपुरती ही पद्धत अमेरिकेच्या पीजीए टूरने २०११ पासून अंगीकारली आणि पुढे ती खेळाच्या सर्व अंगांना लागू झाली. तिचा गाभा हाच, की प्रत्येक फटका इतरांच्या तुलनेत तोलला जावा.

आपल्या वृत्तपत्रांना लेसरची गरज नाही. विजेत्याच्या नावापुढे त्या दिवसाची सर्व खेळाडूंची सरासरी आणि दुसऱ्या क्रमांकाशी असलेले अंतर हे दोन आकडे आणखी छापावेत, वारा आणि पाऊस यांची एका वाक्यात नोंद करावी. क्रीडा-संपादकांनी येत्या श्रेष्ठ स्पर्धेपासूनच हा प्रघात सुरू करावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.